भंडारेबाई पंच असतील तर

आमच्या नवजवान फुटबॉल क्लबनं पन्नास वर्षांत एकच मोठा चषक जिंकला. त्या दिवशी कराडच्या मैदानावर आष्ट्याची बारा माणसं पळत होती. अकरा आमचे खेळाडू आणि बारावी दीपमाला भंडारे, मुख्य पंच.

मी मल्हार. आष्ट्यात एसटी स्टँडच्या मागं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. बारा वर्षं मी क्लबकडून पुढच्या फळीत खेळलो, आता पोरांना शिकवतो. दीपमालाची गोष्ट खरं तर दुसऱ्या कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं, पण तिला जो त्रास झाला त्याचं मूळ मी आहे, तेव्हा मीच सांगतो.

तिचे वडील यल्लाप्पा गवंडीकाम करायचे. आष्ट्यातली निम्मी नवी घरं त्यांच्या थापीखालून गेलेली. आई येसूबाई हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायची, अजूनही जाते. दीपमाला शाळेत खो-खो खेळायची. पाठलागात तिच्या हातून सुटलेली पोरगी मला आठवत नाही. राज्य पातळीपर्यंत जाऊन आली. मग शाळा संपली आणि खेळही संपला. मुलींच्या फुटबॉलचं तर आमच्याकडं तेव्हा कुणी नावही काढत नव्हतं. दोन हजार दहा साली ती एसटीत कंडक्टर म्हणून लागली, इस्लामपूर आगारात. दोन वर्षांनी लग्न झालं. नवरा त्याच आगाराच्या वर्कशॉपात मेकॅनिक, अबोल माणूस. लग्नानंतर दोघं आष्ट्यातच, तिच्या आई-वडिलांजवळ राहिले.

कंडक्टर झाल्यावर पहिल्याच महिन्यातली गोष्ट गावात अजून सांगतात. तिचा सख्खा मामा गाडीत बसला आणि तिकीट घेईना. म्हणाला, "आगं, भाचीच्या गाडीत कसलं तिकीट?" दीपमालानं बेलची दोरी एकदा ओढली. गाडी उभी. म्हणाली, "मामा, तिकीट न्हाई तर गाडी फुडं न्हाई." गाडीतली चाळीस माणसं मामाकडं बघायला लागली. मामानं तिकीट काढलं आणि पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला तिच्या आईकडं आला नाही.

तिची ड्युटी बहुतेक सांगली–कराड गाडीवर असायची. त्याच गाडीनं मंगळवारी आणि शुक्रवारी आमचे तात्या कराडला गुडघ्याच्या उपचाराला जायचे. तात्या म्हणजे हवालदार लालासाहेब. चौऱ्याहत्तर साली मिल्ट्रीतून सुट्टीवर येताना त्यांनी ट्रंकेत घालून एक चामड्याचा चेंडू आणला आणि गायरानात पोरं गोळा करून क्लब काढला. कुस्तीच्या गावात फुटबॉल. लोक हसले. पहिला सामना कराडच्या संगम क्लबशी झाला. आमची पोरं अनवाणी होती, अकरा-शून्यानं हरली. तात्या म्हणायचे, "अकरा गोल खाल्लं, पण मैदान सोडून एक जण पळाला न्हाई. क्लब त्या दिवशी झाला."

दीपमालाला हे सगळं तात्यांनी गाडीत सांगितलं. कंडक्टरच्या शेजारची जागा त्यांची ठरलेली. तिकिटं फाडून झाली की ती येऊन बसायची आणि तात्या तिला जुने सामने ऐकवायचे. एक्क्याण्णव सालचा मिरजेचा सामना त्यांचा सगळ्यात आवडता. संघाचा टेम्पो सांगलीच्या रस्त्याला बंद पडला, मिळेल त्या गाडीनं निघालेल्यांपैकी दोघे वेळेत पोचलेच नाहीत, आणि आमच्या नऊ जणांनी मिरजेच्या तगड्या संघाला नव्वद मिनिटं शून्यावर रोखून धरलं. मिरजेच्या लोकांनी आमच्या गोलकीपरला खांद्यावर घेतलं होतं. सांगता सांगता तात्या खिशातल्या शेंगांची टरफलं सीटवर मांडायचे. हा आमचा बचाव, हा त्यांचा फॉरवर्ड. त्यातनंच नियम निघाले. ऑफसाइड म्हणजे काय, चेंडूला हात लागला असं कधी धरायचं, अडथळा कशाला म्हणायचं.

एकदा तिनं विचारलं, "तात्या, गोलकीपरनं चेंडू हवेत झेलला, आन् झेलता झेलता तो सोताच रेषेच्या आत गेला, तर?"

"चेंडू पुरता आत गेला तर गोल."

"आन् तो आत, पन हात बाहीर?"

तात्यांनी हातातलं टरफल खाली ठेवलं. "पोरी, हे मला चाळीस वर्षांत कुणी इचारलं न्हाई. चेंडू बगायचा, मानूस न्हाई."

मग दोन हजार अकराच्या हिवाळ्यात शिराळ्याचा संघ आमच्याकडं मैत्रीच्या सामन्याला आला. आमचा लाइनमन तापानं झोपलेला. दीपमाला ड्युटी संपवून सामना बघायला आली होती, अंगावर खाकी तशीच. तात्यांनी सरळ तिच्या हातात निशाण दिलं. शिराळ्याची पोरं हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "कंडक्टरीण, डबल बेल दे!" चेंडूबरोबर रेषेनं अशी पळाली की पहिल्या अर्ध्यातच हसणं बंद झालं. तीन वेळा निशाण वर केलं आणि तिन्ही वेळा बरोबर होती. त्यातला एक मीच होतो, चांगला दोन हात पुढं उभा.

पुढच्या वर्षी ती पंचांच्या परीक्षेला बसली. लेखी परीक्षेत पहिली आली. धावण्याच्या चाचणीत अठ्ठावीस पुरुष होते आणि ही एकटी. चार फेऱ्या राहिल्या असताना बरेच जण कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि ही पळतच होती. तात्यांनी त्या दिवशी स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला.

आता दोन हजार चौदा. कराडला संगम चषकाची उपांत्य फेरी, आष्टा विरुद्ध शिराळा. आम्ही त्याआधी कधी एवढ्या पुढं गेलो नव्हतो. दीपमाला लाइनवर होती. सामना शून्य-शून्य. शेवटची दोन मिनिटं. आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू माझ्या डोक्यावर आला, पण थोडा पुढं. डोकं पोचेना. मी हात उचलला. ठरवून उचलला की आपोआप, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. मनगटाला चेंडू लागला आणि आत गेला. मुख्य पंचांच्या आणि माझ्या मधे चार जण उभे होते, त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी गोल दिला. आष्ट्याची माणसं मैदानात घुसली. मला कुणी खांद्यावर घेतलं, आणि तिथून, उंचावरून, मला रेषेवरचं निशाण दिसलं. वर गेलेलं, स्थिर.

मुख्य पंच तिच्याकडं गेले. दोघं अर्धा मिनिट बोलले. गोल रद्द झाला. मला पिवळं कार्ड. मी छातीवर हात आपटून ओरडलो, "देवाशप्पथ, हात लागला न्हाई!" सगळ्या आष्ट्यानं माझं ऐकलं. टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो.

त्या संध्याकाळपासून गावानं दीपमालाला सोडलं नाही. कुणी बाई म्हणून बोललं, कुणी आडनाव काढून बोललं. आमच्या क्लबची माणसं तिच्या गाडीत चढली की मुद्दाम पुढंच बघत, न वळता तिकिटाचे पैसे मागं धरायची. हळदीच्या गोदामात बायका येसूबाईला म्हणायच्या, "तुझ्या लेकीनं गावाचं नाक कापलं." येसूबाई खाली मान घालून हळकुंडं निवडायची. क्लबनं ठराव केला, आष्ट्याच्या मैदानावर भंडारेबाई पंच नकोत. त्या ठरावावर माझी सही आहे.

तात्यांनी मला एकदाच विचारलं. दुकानात आले होते, मी मोटार उघडून बसलो होतो. म्हणाले, "मल्हार, लागला व्हता का रं?"

मी वर न बघता म्हणालो, "न्हाई तात्या."

"बरं," म्हणाले आणि गेले. दोन हजार अठरात ते वारले. मी त्यांना खांदा दिला. दीपमाला रजा टाकून आली होती, लांब उभी होती.

आष्ट्यानं दार लावलं तरी बाकीच्या मैदानांनी तिला बोलावलं. सुरुवातीला लाइनवर, मग शिट्टी घेऊन. आठवड्याची सुट्टी आली की ती कुठल्या तरी गावात असायची: विटा, शिराळा, फलटण, मिरज. महापुराच्या वर्षी सामने झाले नाहीत, करोनात दोन वर्षं गेली, तरी ती रोज पहाटे घराजवळच्या बुद्धविहारापासून साखर कारखान्याच्या रस्त्यापर्यंत पळत राहिली. माझं दुकान त्याच रस्त्यावर. मी शटर उघडायचो तेव्हा ती परत येत असायची. आम्ही बोलायचो नाही.

बावीस साली मिरजेला जे झालं ते मला दुसऱ्यांकडून कळलं. मिरज विरुद्ध कराडचा संगम. मैदान मिरजेचं, चारेक हजार लोक. शेवटच्या मिनिटाला मिरजेच्या बचावपटूनं कराडच्या नियाजला गोलासमोर पाडलं. दीपमालानं पेनल्टी दिली. चार हजार माणसं एकदम उठली. बाटल्या पडल्या. आयोजक म्हणाले, "बाई, आत तंबूत चला, पोलीस येतील." ती पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडूशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "पेनल्टी मारून होईपर्यंत मी हितनं हालत न्हाई." सात मिनिटं ती तशीच उभी. मग लोक बसले. पेनल्टी मारली गेली, गोल झाला, सामना संपला, आणि ती मिरजेच्या गर्दीतनंच चालत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवरचं चित्रीकरण सगळीकडं फिरलं. पाय मागून अडकवला होता, स्पष्ट दिसत होतं. तेव्हापासून क्लबांची बोलायची पद्धतच पडली. सामना ठरला की विचारायचे, "पंच कोन?" आणि सांगायचे, "भंडारेबाई असतील तर खेळतो."

चोवीस साली आमच्या क्लबला पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी आम्ही संगम चषकाच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर कराडचाच संगम क्लब. चौऱ्याहत्तर साली ज्यांनी अकरा गोल घातले तेच. अंतिम सामन्याला दोन्ही क्लबांनी पंचाच्या नावाला लेखी संमती द्यायची असते. आठवड्याभरानं संगमचा कप्तान नियाज याचा मला फोन आला. हा कराडच्या मंडईत फळांचा व्यापार करतो, सरळ माणूस.

"मल्हारभाऊ, आमी भंडारेबाईंचं नाव दिलंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. "आरं, ती आष्ट्याची हाय. आमच्या गावची."

"म्हनून तर," नियाज म्हणाला. "आमाला फसवनार न्हाईत. तुमालाबी न्हाईत. तुमची सही पायजे."

क्लबच्या खोलीत बैठक बसली. आमचे कार्यवाह जोतिबा तापट. ते पहिल्या वाक्यालाच उभे राहिले. "ती बाई न्हाई! एकदा बुडवलंय तिनं आपल्याला. मल्हारचा गोल खाल्ला. पन्नासाव्या वरसाला परत तेच करायचं व्हय?" सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी जोतिबांना दुजोरा देणार म्हणून. भिंतीवर तात्यांचा लष्करी टोपीतला फोटो होता.

मी म्हणालो, "हात लागला हुता."

"काय?"

"चौदा साली. माझ्या मनगटाला चेंडू लागला हुता. मला तवाच म्हाईत हुतं. मी खोटं बोललो."

जोतिबा खाली बसले. तरुण पोरांपैकी राजरत्न, आमचा फॉरवर्ड, दीपमालाच्याच गल्लीतला, माझ्याकडं असा बघत होता की मला उठून जावंसं वाटलं. पण मी बसलो. मग तोच म्हणाला, "सर, सही करा." मी केली. माझ्यानंतर जोतिबांनी केली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गाडीत चढलो. स्टँडवरून गाडी सुटली तशी ती माझ्यापाशी आली.

"कुठलं देऊ?"

"इस्लामपूर. दीपमाला, मला तुला सांगायचं हाय. त्या सामन्यात माझा हात—"

"सुट्टं हायत का?"

मी पैसे दिले. तिनं तिकीट दिलं. मग म्हणाली, "मल्हारदा, हात लागलेला मी बगितला, म्हनून तर निशान वर केलं. तुमी मला काय नवीन सांगताय?"

मी तिकीट मुठीत धरून बसलो.

"सांगायचंच आसंल तर माझ्या आईला सांगा. तिनं काय बगितलं नव्हतं. तिनं नुसतं सोसलं." एवढं बोलून ती पुढच्या सीटकडं गेली.

मी इस्लामपूरला उतरलो आणि उलट्या गाडीनं परत आलो. हळदीच्या गोदामात गेलो. पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, पिवळ्या हातांच्या. येसूबाई कोपऱ्यात. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशी, तुमची लेक खरी हुती. चेंडू माझ्या हाताला लागला हुता. गावाचं नाक कापलं आसंल तर मी कापलं."

हातातली हळकुंडं खाली ठेवून येसूबाईनं माझ्याकडं बघितलं. सत्तरीची बाई. म्हणाली, "धा वरसं लागली व्हय रं तुला हात वर करायला?"

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, येसूबाईसुद्धा. मला मात्र रडू आलं. तिनं मला खाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ती म्याच कवा हाय? मी अजून एकबी बगितली न्हाई तिची."

अंतिम सामना फेब्रुवारीत, रविवारी दुपारी चारला. आष्ट्यातून सहा टेम्पो आणि दोन जीप भरून माणसं गेली. एका टेम्पोत गोदामातल्या सगळ्या बायका, मधे येसूबाई आणि शेजारी यल्लाप्पा, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. कराडचं मैदान चारी बाजूंनी भरलेलं. दीपमाला काळ्या पोशाखात दोन्ही संघांच्या मधून चालत आली. तिनं दोन्ही गोलांच्या जाळ्या ओढून बघितल्या. आमच्या बायकांनी एकदम आरोळी दिली, तिनं वळून बघितलं नाही.

बाविसाव्या मिनिटाला तिनं आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली.

कराडचा कॉर्नर होता. आमच्या वीरधवलनं, एवढा सहा फुटी बचावपटू, गर्दीत त्यांच्या फॉरवर्डचा शर्ट धरून ओढला. सरफराजनं, त्यांच्या गोलकीपरनं, पलीकडच्या टोकावरून हात वर केला, पण दीपमालाची शिट्टी त्याआधीच वाजली होती. आष्ट्याचा सगळा कोपरा पेटला. जोतिबा माझा दंड धरून ओरडले, "बग! बग! म्हनलं हुतं का न्हाई?"

"शर्ट वडला त्यानं, कार्यवाह," मी म्हणालो. "मी बगितलं."

जोतिबांनी माझा दंड सोडला. नियाजनं पेनल्टी मारली. एक-शून्य. मागून येसूबाईचा आवाज आला, "आपला झाला का त्येंचा?" कुणीतरी सांगितलं, त्यांचा. "मग दीपीनं दिला कसा?" यल्लाप्पा पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "ओळंब्यात भिंत वाकडी दिसली तर वाकडीच म्हनायची, येसा."

मध्यंतरात वीरधवल डोक्यावर टॉवेल टाकून बसला होता. मी त्याला रागावलो नाही. एवढंच म्हणालो, "तुला आजून पंचेचाळीस मिन्टं हायत. ती वाया घालवू नको."

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही खेळलो. पन्नास वर्षांत आष्टा असं कधी खेळलं नसेल. बुटका अफताब मधल्या फळीत असा फिरत होता की कराडचे दोघे-दोघे त्याच्या मागं. एक चेंडू खांबाला लागला, दोन सरफराजनं बोटांच्या टोकांनी काढले. घड्याळ पुढं सरकत होतं. ऐंशी. ब्याऐंशी.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला अफताबनं पुढं लांब चेंडू टाकला. राजरत्न त्यांच्या बचावाच्या मागं उभा होता, सरळसरळ ऑफसाइडच्या जागेत. पण तो चेंडू त्याच्यापर्यंत गेलाच नाही. मधे नियाजनं तो आरामात पायात घेतला, थांबवला आणि गोलकीपरकडं मागं दिला. हलका दिला. राजरत्ननं ते ओळखलं. तो मधे घुसला आणि सरफराजच्या अंगावरून चेंडू जाळीत टाकला.

आमची माणसं उठली आणि उठता उठताच थांबली. लाइनमनचं निशाण वर होतं.

कराडचे खेळाडू निशाणाकडं बोट दाखवत धावले. मैदानाच्या या बाजूला मला दहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली, पण आता उलटी. दीपमालानं कुणाचं ऐकलं नाही. चालत लाइनमनपाशी गेली. तोंडावर हात धरून काही विचारलं. तो मान हलवत होता, मग थांबला. ती परत वळली तेव्हा नियाज समोर आला.

"बाई, निशान वर हाय!"

"नियाज, शेवटचा पाय कुनाचा लागला?" तिनं विचारलं. शांतपणे, तिकीट विचारावं तसं.

नियाजनं सरफराजकडं बघितलं. मान खाजवली. मग मधल्या रेषेकडं चालायला लागला. समोरच्या संघाच्या माणसानं चेंडू समजून-उमजून मागं दिला की ऑफसाइड राहत नाही. नियाज पंधरा वर्षं खेळतोय, त्याला कुणी शिकवायला नको होतं. दीपमालानं हात मधल्या ठिपक्याकडं केला. गोल.

त्यानंतरचा आवाज मला नीट आठवत नाही. जोतिबांनी मला उचललं होतं, एवढं आठवतं.

जादा वेळ सुरू झाला. पोरांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. एकशे सतराव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. अफताबनं चेंडू उचलला. उंच गेला, आणि त्याच्याखाली वीरधवल उडाला, दोन्ही हात अंगाला चिकटवून, जणू कुणी बांधलेत. कपाळाच्या मधोमध. सरफराज हललासुद्धा नाही.

दोन-एक. तीन मिनिटं. कराडनं सगळे पुढं आणले. आमचे अकराही गोलासमोर. एक चेंडू वीरधवलच्या छातीवर, एक आमच्या गोलकीपरच्या गुडघ्यावर. मग शिट्टी, लांब.

पन्नास वर्षं. मी गुडघ्यांवर बसलो होतो. म्हातारी माणसं मैदानात धावत आली, ज्यांना नीट चालता येत नाही ती. चौऱ्याहत्तरच्या संघातले तीन जण हयात आहेत, तिघांनी मिळून चषक उचलला आणि तो त्यांना पेलेना, म्हणून पोरांनी खालून धरला.

जोतिबा एक भला मोठा हार घेऊन दीपमालाकडं निघाले. ती चेंडू काखेत मारून तंबूकडं चालली होती. तिनं हात पुढं करून त्यांना थांबवलं.

"कार्यवाह, पंचाला हार घालत न्हाईत."

"आगं पन तुझ्यामुळं—"

"माझ्यामुळं न्हाई. राजरत्नमुळं आन् वीरधवलमुळं. त्येंना घाला."

जोतिबा हार घेऊन तसेच उभे. तेवढ्यात कराडच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. हरलेल्या बाजूनं. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळ्या मैदानातून. नियाज आणि सरफराज दोघं तिच्यापाशी गेले आणि हात मिळवले. मागं वळून बघितलं तर गोदामातल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि येसूबाई दोन्ही हात डोक्याच्या वर धरून. आमच्या मिरवणुकीत दीपमाला आली नाही. आम्ही गुलाल उधळत आष्ट्यात शिरलो तेव्हा ती नवऱ्याच्या मोटरसायकलवरून मागच्या रस्त्यानं घरी गेली होती. सकाळी साडेपाचची गाडी होती तिला.

पण मिरवणूक तिच्या गल्लीतून गेली. हे राजरत्ननं ठरवलं. विहारासमोर सगळे थांबले, हलगी थांबली, आणि क्लबचा तो जुना ठराव जोतिबांनी सगळ्यांसमोर फाडला. मग त्यांनी दार वाजवलं. दीपमाला साध्या साडीत बाहेर आली, ओले केस. जोतिबा म्हणाले, "आता तर तू पंच न्हाईस. आता तरी हार घे." ती हसली. तिनं हार घेतला आणि मागं दारात आलेल्या आईच्या गळ्यात घातला.

त्याच वर्षी तिला राज्याच्या पंचांच्या यादीत घेतलं. पुण्या-मुंबईचे सामने ती आता चालवते, तरी आमच्या भागातला रविवार मोकळा असेल तर सोडत नाही. एसटीची नोकरी चालूच आहे. आणि एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. गेल्या वर्षी पंचांच्या परीक्षेला सातारा-सांगलीतून एकोणीस मुली बसल्या. त्यांच्यात जीनत नावाची शिराळ्याची शिवणकाम करणारी मुलगी आहे, एक नर्स आहे, दोन पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आहेत. तेरा जणी पास झाल्या. सुट्टीच्या दिवशी पहाटे त्या आष्ट्याच्या मैदानावर जमतात. दीपमाला पुढं, बाकीच्या मागं. माझी पोरं सरावाला पोचतात तेव्हा त्यांच्या आठ फेऱ्या झालेल्या असतात.